स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा: खरंच रॅक गेलाय का?

निळीगाडी

नमस्कार मंडळी,

घरची हॅचबॅक आहे, सगळ्यांच्या रोजच्या वापरातली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. रीडिंग १ लाख किलोमीटरच्या पुढे गेलंय. हल्ली सरळ रस्त्यावरही गाडी सरळ राहत नाही, स्टेअरिंग सतत थोडं थोडं सावरावं लागतं. गाडी लावताना स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवलं की खालून एकच 'खट्' असा आवाज येतो, आणि तो हातालाही जाणवतो. जोरात ब्रेक दाबला की नाक किंचित डावीकडे जातं. डाव्या पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने करवतीसारखं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. गाडी उचललीच नाही. एक फेरी मारून आले आणि म्हणाले, रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) गेलाय, अख्खा बदलावा लागेल. खरंच गेला असेल तर बदलूच, या गाडीत मुलं आणि आईबाबा बसतात. पण काय झिजलंय ते स्वतः बघितल्याशिवाय एवढं मोठं काम काढायचं नाही. तेल आणि ब्रेक पॅड मी घरीच बदलते. ट्रॉली जॅक, दोन अ‍ॅक्सल स्टँड आणि टॉर्क रेंच आहे. सुरुवात कुठून करू?

चाकोरी

तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. ही सगळी लक्षणं रॅकशिवाय इतर चार-पाच भागांचीही असतात, आणि माझ्या अनुभवात रॅकचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो.

हातापासून रस्त्यापर्यंत सांधे बघत या. स्टेअरिंग कॉलम, मग इंटरमीडिएट शाफ्ट आणि त्याचे दोन युनिव्हर्सल जॉइंट, पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक), रॅक. रॅकच्या टोकाला रबरी बेलोच्या (घड्यांच्या आवरणाच्या) आत लपलेला बॉल जॉइंट, त्याला आपण रॅक एंड म्हणतो. रॉडच्या बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड, आणि तो नकलला, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या धातूच्या तुकड्याला, बसतो. नकलला खालून लोअर आर्मचा बॉल जॉइंट धरतो, वरून स्ट्रट. लोअर आर्म स्वतः दोन रबरी बुशांवर (गाद्यांवर) झुलतो. यातलं काहीही सैल झालं तरी हाताला कळतं ते एकच: स्टेअरिंग ढिलं. म्हणून नुसती फेरी मारून भागाचं नाव सांगता येत नाही. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघावं लागतं.

टायरमधली हवा आधी नीट करा, तीही टायर थंड असताना. दोन्ही बाजूंना वेगवेगळी हवा असली तर गाडी ओढते, आणि लोक उगाच सुटे भाग बदलत बसतात.

पहिली तपासणी चाकं जमिनीवर ठेवूनच करायची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावलेल्या. आत एक माणूस बसवा. त्याने स्टेअरिंग मधल्या जागेपासून दोन्हीकडे फक्त चार बोटं हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. तुम्ही बाहेरून टाय रॉड एंडवर बोटं अशी ठेवा की अर्धं बोट सांध्याच्या घरावर (धातूच्या कवचावर) आणि अर्धं नकलवर येईल. दोन्ही एकदम हलले तर सांधा ठीक. रॉड आधी हलला आणि नकल मागून आला, तर ढिलेपणा तिथेच. मग बेलोवरून आतला रॅक एंड चिमटीत पकडा आणि तसंच बघा. बेलो मऊ रबराचा असेल तर आतली 'टक' बोटांना स्पष्ट कळते. बोटं रिम आणि रॉडच्या मध्ये जाऊ देऊ नका. वजन चाकावर असताना ही तपासणी सगळ्यात खरी बोलते, कारण गाडी चालताना सांध्यावर जो भार येतो साधारण तसाच इथे असतो.

दुसरी तपासणी पुढची बाजू उचलून, गाडी स्टँडवर ठेवून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरून हलवा, मग बारा आणि सहावर. नऊ-तीनला हललं आणि बारा-सहाला नाही, तर संशय टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकवर. दोन्हीकडे हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. या एका युक्तीने बेअरिंग आणि बॉल जॉइंटमधला घोळ मिटतो.

ब्रेक मारताना डावीकडे जाते म्हणताय, तर लोअर आर्मचं मागचं बुश टॉर्च लावून बघा. लांब टायर लिव्हरने आर्म हलक्या हाताने पुढे-मागे ढकला. रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं असेल तर लगेच दिसतं. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलं तरी असंच होतं, तेव्हा फिरून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांपाशी हात नेऊन उष्णता सारखी आहे का बघा. डिस्कला हात लावू नका.

दूरपल्ला

माझं मत वेगळं. १ लाखानंतर पुढचं सगळंच थकलेलं असतं. रॅक, टाय रॉड, लोअर आर्म एका दमात बदला आणि मोकळे व्हा. एकेक भाग बदलत बसलं की दर वेळी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), दर वेळी गाडी दोन दिवस बंद.

पाना१७

@दूरपल्ला, रबराच्या भागांपुरतं मान्य. बुश दोन्ही बाजूंची एकदमच बदलावीत, नाहीतर ब्रेक मारताना एक बाजू कडक आणि एक मऊ वागते. पण चांगला रॅक काढण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो काढायला बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घ्यावी लागते, इंटरमीडिएट शाफ्ट सोडवावा लागतो. त्यात कुणी नकळत स्टेअरिंग फिरवलं तर एअरबॅगची गुंडाळीची वायर तुटते. जे बिघडलेलं नाही ते उघडून नवीन बिघाड का ओढवून घ्यायचा? आणि मूळ ढिलेपणा रॅक एंडमध्ये असेल, तर नवीन रॅकसोबत नवीन रॅक एंड येतो म्हणून आवाज जातो आणि सगळ्यांना वाटतं रॅकच खराब होता.

निळीगाडी

@चाकोरी, सांगितलं तसं सगळं केलं. भाऊ आत बसला होता.

हवा दोन्हीकडे सारखी. डावा टाय रॉड एंड नकलबरोबरच हलतोय, त्यात काही नाही. पण डाव्या बेलोला खालच्या बाजूने चीर आहे, बोट आत जाईल एवढी. बेलोवरून धरलं तर प्रत्येक हालचालीला आत टक लागते, रॅक आधी हलतो आणि रॉड मागून. उजवीकडे काहीच नाही. उचलल्यावर डावं चाक नऊ-तीनला हलतं, ब्रेक दाबला तरी तेवढंच. बारा-सहाला दोन्ही चाकं घट्ट.

डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश फाटलंय, लिव्हर लावल्यावर फट उघडते. उजव्याला तडे आहेत पण फाटलेलं नाही. युनिव्हर्सल जॉइंट पायांच्या बाजूने बघितले, वरचा आणि खालचा भाग एकदम फिरतात. कॅलिपर दोन्हीकडे सारखेच गरम.

चाकोरी

मग निदान झालं, आणि फार नीट केलंत. बेलो फाटला, आत पाणी आणि बारीक वाळू गेली, ग्रीस धुऊन निघालं, रॅक एंडचा चेंडू घरात सैल झाला. खटका आणि सरळ न राहणं त्यातून. टायरचा करवतीसारखा काठही त्यामुळेच, कारण सांध्यात ढिलेपणा असला की चाकाचा टो (वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) चालताना स्थिर राहत नाही. ब्रेकचं ओढणं बुशामुळे.

काम सुरू करायच्या आधी एकच गोष्ट अजून. बेलो काढल्यावर रॅकचा उघडा दांडा पुसून बघा. गंजाचे खड्डे असतील, किंवा दांडा हाताने वर-खाली ढकलल्यावर घरात हलत असेल, तर आतलं रॅकचं बुश गेलंय आणि तेव्हा मात्र रॅकचा विचार करावा लागेल. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगवाल्यांसाठी: बेलोमध्ये तेल साचलेलं निघालं तर सील गेलंय, त्यावर नवीन बेलो चढवून काही होत नाही.

पाना१७

काम कसं करायचं ते लिहितो. नटांचे टॉर्क तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, गाडीगणिक बदलतात.

आदल्या रात्री टाय रॉडचा चेक नट (टाय रॉड एंड जागेवर पक्का धरणारा) आणि आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी टाय रॉड एंड नकलला बसलेला असतानाच चेक नट पाव फेरा सैल करा. एकदा सांधा सुटला की रॉडला धरायला काही राहत नाही. मग स्प्लिट पिन काढा, खाचांचा नट काढा, पण पूर्ण नको, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्या. म्हणजे टेपर (नकलच्या भोकात घट्ट बसणारा, स्टडचा म्हणजे सांध्याच्या आटेवाल्या खुंटीचा निमुळता भाग) सुटताना रॉड उडत नाही. टेपर सोडवायला बॉल जॉइंट पुलर लावा. तुमचा टाय रॉड एंड चांगला आहे आणि तोच परत बसवायचा असेल, तर दोन दातांचा काटा ठोकू नका, तो रबरी बूट फाडतोच. स्टडवर हातोडा तर कधीच मारायचा नाही, आटे पसरतात. पुलर ताणून ठेवून नकलच्या डोळ्याच्या बाजूवर एक-दोन नेमके ठोके दिले की बहुतेक वेळा सुटतो.

आता रॅक एंड. इथे सगळे टाय रॉड एंडचे फेरे मोजायला सांगतात. टाय रॉड एंड बदलताना ते बरोबर आहे. पण तुम्ही आतला भाग बदलताय, आणि नवीन रॅक एंडची लांबी किंवा आट्यांची सुरुवात जुन्यापेक्षा थोडी वेगळी असू शकते. म्हणून रॅक एंड आणि टाय रॉड एंड जोडलेलेच बाहेर काढा, टेबलावर ठेवा, आतल्या चेंडूच्या मध्यापासून बाहेरच्या स्टडच्या मध्यापर्यंत मोजा, आणि नवीन जोडणी त्याच लांबीची करून मग बसवा.

रॅक एंड सोडवताना रॅकच्या टोकाला पान्यासाठी सपाट जागा असेल तर तिथे दुसरा पाना लावून धरा, नाहीतर सगळा जोर पिनियनच्या दातांवर जातो. काही गाड्यांत वाकवलेला लॉक वॉशर असतो, तो नवीनच टाकायचा. काहींत आट्यांना थ्रेड लॉक लावतात. नवीन बेलो चढवण्याआधी सांध्याला मॅन्युअलमध्ये दिलेलं ग्रीस, आणि बेलो रॉडला जिथे बसतो तिथे बारीकसं सिलिकॉन ग्रीस. अलाइनमेंटवाला रॉड फिरवेल तेव्हा बेलोला पीळ पडत नाही. पिळलेला बेलो लवकर फाटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टेपरच्या आत मात्र ग्रीस नाही, तेल नाही. कोरडं आणि स्वच्छ. खाचांचा नट टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे कधीच सोडायचा नाही. पिन नवीन. तुमच्याकडे खाचांऐवजी नायलॉनचा नट असेल तर तोही नवीन.

रेषाखंड

लांबी मोजून बसवली म्हणजे अलाइनमेंटची गरज नाही असं कुणी समजू नये, म्हणून थोडं गणित. टाय रॉडच्या आट्यांचा पिच १.५ मिलिमीटर धरा आणि नकलच्या दांड्याची लांबी १३० मिलिमीटर. एक पूर्ण फेरा चुकला तर चाक सुमारे ०.६६ अंश वळतं. चेक नटच्या सहा पैलूंपैकी एका पैलूएवढी चूक झाली तरी ०.११ अंश, आणि बऱ्याच गाड्यांत टोची मुभाच साधारण ०.१ ते ०.२ अंशांची असते. मोजपट्टीने तिथवर पोचता येत नाही.

टायरला ते काय पडतं तेही बघा. एका फेऱ्याची चूक चालताना दोन्ही चाकांत वाटली जाते, प्रत्येकी ०.३३ अंश. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक पुढचा टायर जवळजवळ पावणेसहा मीटर आडवा घासला जातो. स्टेअरिंगचं गुणोत्तर १५ धरलं तर सरळ जाताना स्टेअरिंग सुमारे ५ अंश तिरकं दिसेल. तेव्हा काम झाल्यावर गाडी सावकाश, थेट अलाइनमेंटलाच न्या.

मधलीसीट

यात एक भर. गाडीत ईएससी (गाडी घसरू लागली तर आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगची सरळ जागा बदलली तर बऱ्याच गाड्यांत त्याचा शून्य पुन्हा नोंदवावा लागतो, स्कॅनरने किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने. नाहीतर दिवा लागतो, किंवा वळणावर यंत्रणा भलत्या वेळी ब्रेक लावू शकते. अलाइनमेंटवाल्याला आधीच विचारा, आणि स्टेअरिंग काढून दात बदलून सरळ बसवू देऊ नका. सरळपणा दोन्ही टाय रॉड सारखे फिरवूनच आणायचा.

निळीगाडी

काम चालू आहे. टेपर सुटला, रॅकचा दांडा स्वच्छ आणि घट्ट निघाला, नवीन रॅक एंड बसला. आता नकलमध्ये नट आवळताना टाय रॉड एंडचा स्टडच सोबत फिरतोय. नट पुढे जात नाही.

पाना१७

नकलचं भोक आणि स्टड पुन्हा पुसा. मग टाय रॉड एंडच्या खाली जॅक लावून अगदी हलकं दाबा, टेपर बसला की स्टड फिरायचा थांबेल. बूटावर जॅक टेकवू नका, घराच्या धातूवर टेकवा. स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीची जागा असेल तर ती धरूनही आवळता येतं. इम्पॅक्ट रेंच नको.

आणि लोअर आर्मला हात लावणार असाल तर हे लक्षात ठेवा: बुशांचे बोल्ट चाक लटकत असताना फायनल आवळायचे नाहीत. आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून स्थिर होऊ द्या, मगच टॉर्क द्या. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवीन बुश काही महिन्यांत फाटतं. नवीन पार्ट टिकत नाहीत अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच इथून सुरू होतात असं माझं ठाम मत आहे. बॉल जॉइंटचा आडवा पिंच बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, तो नीट बसलाय ना हे डोळ्यांनी बघा. तो सुटला तर चाकच वळून बाहेर येतं.

निळीगाडी

झालं. डावा रॅक एंड आणि बेलो, दोन्ही लोअर आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट. बोल्ट गाडीचं वजन चाकांवर ठेवून, पुढची चाकं रॅम्पवर चढवून आवळले. जॅकमुळे स्टड लगेच थांबला.

अलाइनमेंटवाल्याला आधीच सांगितलं होतं, त्याने आधीचे आणि नंतरचे आकडे छापून दिले. डाव्या चाकाचा टो मर्यादेच्या बाहेर होता, म्हणजे @रेषाखंड म्हणाले ते अगदी बरोबर. बेलो पिळला नाही हे वाकून बघितलं. सेन्सरचा शून्यही त्यानेच नोंदवला.

खटका पूर्ण गेला. ब्रेकला गाडी सरळ थांबते. टायरचा काठ अजून तसाच आहे, त्याचा थोडा घरघर आवाज येतो. तो टायर मागच्या चाकाला टाकू का?

चाकोरी

हो, त्याच बाजूला मागे टाका, खोली पुरेशी असेल तर. आवाज टायरचाच असेल तर तोही मागे जाईल, तशी खात्रीही होते. ५०-१०० किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा. उजवा रॅक एंड आज ठीक आहे म्हणून ठेवलात ते योग्यच, पण त्याचा बेलो दर सर्व्हिसला टॉर्चने बघत जा. बेलो वेळेवर बदलला तर आतला सांधा खूप चालतो.

दूरपल्ला

@निळीगाडी, अभिनंदन. रॅक वाचला हे बघून मत बदललं, आता माझी गाडीही अशीच तपासून घेतो. माझं दुखणं जरा निराळं आहे: ढिलेपणा नाही, पण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, ओढून आणावं लागतं. जागेवर फिरवताना वरून 'टण्' आवाज येतो.

चाकोरी

वरून येतो म्हणता, तर आधी स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग बघा. कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर हलका हात ठेवा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये न घालता. स्प्रिंग स्ट्रटबरोबर सहज फिरण्याऐवजी पिळली जाऊन झटक्याने सुटत असेल, तर ते बेअरिंग जाम आहे.

तसं नसेल तर गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही टाय रॉड एंड नकलपासून सोडवा आणि प्रत्येक नकल हाताने फिरवून बघा. जड गेला तर दोष त्या बाजूच्या बॉल जॉइंटमध्ये किंवा वरच्या बेअरिंगमध्ये. दोन्ही नकल सहज फिरले आणि स्टेअरिंग तरीही जड, तर इंटरमीडिएट शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून अडकलाय का ते बघा. तो अडकला की स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. रॅकच्या प्लंजरचा (रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या भागाचा) नट कुणी पूर्वी आवळलाय का तेही गॅरेजला विचारा. रॅक मध्यभागी जास्त झिजतो. तिथला ढिलेपणा घालवायला तो नट आवळला की दोन्ही टोकांना रॅक अडकतो आणि स्टेअरिंग परत येत नाही. नकल सोडवून काय दिसलं ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.